गरोदरपणातील माशाचे तेल आणि बाळाची अ‍ॅलर्जी

आईला दमा, वडिलांना धुळीचे वावडे आणि थोरल्या भावंडाला इसब असेल, तर येणाऱ्या बाळाच्या वाट्याला काय येणार, हा प्रश्न अशा घरात पहिल्या सोनोग्राफीच्या आधीच विचारला जाऊ लागतो. अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. आई-वडिलांपैकी एकाला अ‍ॅलर्जी असल्यास मुलाला ती होण्याची शक्यता वाढते आणि दोघांनाही असल्यास ती आणखी वाढते. अशा वेळी औषधांच्या दुकानात सहज मिळणारी ‘ओमेगा-३’ची सोनेरी कॅप्सूल अनेकांना आश्वासक वाटते. गरोदरपणी माशाचे तेल घेतले, तर बाळाला अ‍ॅलर्जी होत नाही, असे ऐकीव ज्ञान त्यामागे असते. या समजुतीला शास्त्रीय आधार आहे, हे खरे. परंतु जेवढा सांगितला जातो, तेवढा तो नाही. गेल्या दोन दशकांत झालेल्या प्रयोगांतून नेमके काय हाती लागले आणि काय लागले नाही, हे गर्भवतीने व तिच्या कुटुंबीयांनी समजून घेणे हिताचे ठरेल.

अ‍ॅलर्जी म्हणजे काय?

शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध मोहीम उघडणे म्हणजे अ‍ॅलर्जी. अंड्यातील प्रथिन, गाईचे दूध, शेंगदाणा, परागकण, धुळीतील सूक्ष्म कीटक हे असे नेहमीचे ‘शत्रू’. त्यांच्याविरुद्ध शरीरात ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार होतात. ती तयार झाली आहेत की नाही, हे त्वचेवर त्या पदार्थाचा थेंब ठेवून व सूक्ष्म टोचणी देऊन तपासता येते. चाचणीत गांधी उठली, तर ते मूल त्या पदार्थाविषयी ‘संवेदनशील’ आहे, असे म्हणतात.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. चाचणीत संवेदनशील ठरलेल्या प्रत्येक मुलाला तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतोच असे नाही. संवेदनशीलता ही अ‍ॅलर्जीची पूर्वपीठिका आहे, प्रत्यक्ष आजार नव्हे. माशाच्या तेलाविषयीचे अनेक दावे या दोहोंची गल्लत केल्यामुळे फुगलेले आहेत.

तेलाचा आणि अ‍ॅलर्जीचा संबंध

डेन्मार्कमधील बँग आणि डायरबर्ग या संशोधकांनी १९७०च्या दशकात ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांच्या आहाराचा व रक्ताचा अभ्यास केला आणि सागरी प्राण्यांच्या चरबीतील ओमेगा-३ स्निग्धाम्लांकडे जगाचे लक्ष वेधले. त्यांतील ईपीए आणि डीएचए ही दोन स्निग्धाम्ले महत्त्वाची मानली जातात. याउलट सूर्यफूल, करडई, मका, सोयाबीन यांच्या तेलांत ओमेगा-६ गटातील स्निग्धाम्ले विपुल असतात. त्यांच्यापासून शरीरात अ‍ॅराकिडॉनिक आम्ल आणि त्यापासून दाह निर्माण करणारी काही द्रव्ये तयार होतात. त्यांतील प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे द्रव्य आयजीईच्या निर्मितीला पोषक ठरते, असे प्रयोगशाळेतील निरीक्षण आहे. ब्लॅक आणि शार्प या संशोधकांनी १९९७ मध्ये या निरीक्षणाच्या आधारे एक उपपत्ती मांडली. पाश्चात्त्य देशांत मासे व प्राणिज चरबी कमी होऊन मार्गारिन व वनस्पती तेले वाढली आणि त्याच काळात दमा व अ‍ॅलर्जीही वाढली, या दोहोंत संबंध असावा, असे त्यांचे म्हणणे होते.

ईपीए आणि डीएचए ही पेशींच्या आवरणात अ‍ॅराकिडॉनिक आम्लाची जागा घेतात व दाह सौम्य करतात. गर्भाला ही स्निग्धाम्ले वारेतून आईकडूनच मिळतात. बाळाची प्रतिकारयंत्रणा गर्भाशयातच आकाराला येत असते आणि जन्माच्या वेळी तिचा कल अ‍ॅलर्जीला अनुकूल अशा प्रतिसादाकडे असतो. तो कल सावरायचा असेल, तर जन्मापूर्वीच प्रयत्न करावा, असा तर्क पुढे आला.

पर्थचा पहिला प्रयोग

हा तर्क पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात सर्वप्रथम नीट तपासला गेला. अ‍ॅलर्जी असलेल्या ९८ गर्भवतींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला विसाव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत माशाच्या तेलाच्या चार कॅप्सूल रोज देण्यात आल्या, त्यांतून ३.७ ग्रॅम ओमेगा-३ मिळत होते. दुसऱ्या गटाला ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल मिळाल्या. ८३ स्त्रियांनी प्रयोग पूर्ण केला.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उत्साहवर्धक होते. माशाचे तेल घेतलेल्या मातांच्या बाळांच्या नाळेतील रक्तात अ‍ॅलर्जीला चालना देणारे प्रतिसाद मंद आढळले. वर्षाच्या वयात अंड्याविषयीची संवेदनशीलता त्यांच्यात सुमारे एक-तृतीयांशच होती. इसबाचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच राहिले. फरक एवढाच, की तेलाच्या गटात तो सौम्य होता. प्रयोग छोटा होता आणि संशोधकांनी तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा व्हावा, अशीच अपेक्षा धरली होती. बाजारात मात्र तेवढी वाट पाहण्याची पद्धत नसते.

स्वीडन आणि अ‍ॅडलेड

स्वीडनमध्ये घरात अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेल्या १४५ गर्भवतींना घेऊन असाच प्रयोग झाला. त्यात १.६ ग्रॅम ईपीए आणि १.१ ग्रॅम डीएचए पंचविसाव्या आठवड्यापासून सुरू करून बाळ अंगावर पीत असताना तीन-चार महिन्यांपर्यंत चालू ठेवण्यात आले. २००९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या वर्षात अन्नपदार्थांची अ‍ॅलर्जी तेलाच्या गटातील २ टक्के, तर दुसऱ्या गटातील १५ टक्के बाळांत आढळली. आकडे लक्षवेधी असले, तरी प्रत्यक्ष बाळांची संख्या थोडी होती, हे विसरता येत नाही.

मोठी कसोटी लागली ती ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या संशोधकांच्या प्रयोगात. सुमारे २,४०० गर्भवतींच्या या अभ्यासातील ७०६ बाळे अशी होती, की ज्यांच्या आई, वडील किंवा भावंडांना अ‍ॅलर्जी होती. या मातांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणींना रोज ८०० मिलीग्रॅम डीएचए व १०० मिलीग्रॅम ईपीए, तर इतरांना वनस्पती तेल देण्यात आले. २०१२ मध्ये बाळे वर्षाची झाल्यानंतरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयजीईमुळे होणारे अ‍ॅलर्जीचे सर्व आजार एकत्र धरले, तर तेलाच्या गटात ते ९ टक्के आणि दुसऱ्या गटात १३ टक्के होते. हा फरक केवळ योगायोगाचाही असू शकतो, इतपतच होता. अंड्याविषयीची संवेदनशीलता मात्र १५ टक्क्यांऐवजी ९ टक्के आणि अ‍ॅलर्जीशी निगडित इसब १२ टक्क्यांऐवजी ७ टक्के आढळला. हीच मुले तीन व सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा अ‍ॅलर्जीच्या एकूण आजारांत दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१८ मध्ये तोवरच्या सर्व प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात माशाचे तेल घेतल्याने बाळाची अंड्याविषयीची संवेदनशीलता सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. टक्केवारी मोठी वाटते. परंतु दर हजार बाळांमागे सुमारे ३१ बाळे, असा तिचा प्रत्यक्ष अर्थ आहे. उरलेल्या बाळांपैकी बहुसंख्यांना ती संवेदनशीलता तेलाविनाही होणार नव्हती, तर काहींना तेल घेऊनही ती झाली.

डेन्मार्कचा वेगळा निष्कर्ष

डेन्मार्कमध्ये १९९० मध्ये ५३३ गर्भवतींना तिसाव्या आठवड्यापासून माशाचे तेल, ऑलिव्ह तेल अथवा काहीही नाही, असे तीन गट करून अभ्यासण्यात आले होते. त्यांची मुले सोळा वर्षांची झाल्यावर रुग्णालयीन नोंदी पाहिल्या, तेव्हा ऑलिव्ह तेलाच्या गटाच्या तुलनेत माशाच्या तेलाच्या गटात दम्याचे प्रमाण ६३ टक्के कमी आढळले. मात्र या दोन गटांतील दम्याची नोंद असलेली मुले सारी मिळून १९ होती.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये त्याच देशातील अधिक मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष आला. ७३६ गर्भवतींपैकी निम्म्या जणींना चोविसाव्या आठवड्यापासून रोज २.४ ग्रॅम ओमेगा-३ देण्यात आले. त्यांच्या मुलांपैकी १६.९ टक्के मुलांना दमा किंवा छातीत वरचेवर घरघर होण्याचा त्रास झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण २३.७ टक्के होते. श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचे संसर्गही तेलाच्या गटात कमी झाले. परंतु इसब आणि अ‍ॅलर्जीविषयक संवेदनशीलता यांवर तेलाचा काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे ऑस्ट्रेलियात अंड्याची संवेदनशीलता कमी झाली, ती डेन्मार्कमध्ये झाली नाही. आणि डेन्मार्कमध्ये घरघर कमी झाली, ती अ‍ॅलर्जीच्या मार्गाने नव्हे.

या प्रयोगातील सर्वांत बोलकी बाब वेगळीच होती. ज्या मातांच्या रक्तात आरंभी ईपीए व डीएचए सर्वांत कमी होते, त्यांच्या मुलांत दमा व घरघर यांचे प्रमाण ३४.१ टक्क्यांवरून १७.५ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आले. ज्यांच्या रक्तात ही स्निग्धाम्ले आधीच पुरेशी होती, त्यांच्यात असा लाभ स्पष्ट दिसला नाही.

निष्कर्ष जुळत का नाहीत?

एकाच तेलाचे इतके निरनिराळे निकाल का यावेत? पहिले कारण मात्रेचे. ९०० मिलीग्रॅम आणि ३.७ ग्रॅम यांत चौपट अंतर आहे. दुसरे कारण कालावधीचे. काहींनी विसाव्या आठवड्यात, तर काहींनी तिसाव्या आठवड्यात सुरुवात केली. काहींनी प्रसूतीनंतरही तेल चालू ठेवले. पर्थमध्येच ४२० नवजात बाळांना जन्मापासून सहा महिने माशाचे तेल देऊन पाहिले, तेव्हा अ‍ॅलर्जी टळली नाही; हा निष्कर्ष २०१२ चा आहे. काही उपयोग असलाच, तर तो जन्मापूर्वीच्या काळातच असावा, असे यावरून वाटते. तिसरे आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे आईच्या शरीरातील मूळ साठा. ज्या शेताला पाणीच मिळालेले नाही, त्याला पाट सोडल्याचा फरक दिसतो. भिजलेल्या शेताला तो दिसत नाही.

मुदतपूर्व प्रसूतीविषयीच्या संशोधनातूनही हेच सूचित होते. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ओमेगा-३मुळे चौतीस आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतींचे प्रमाण ४.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आल्याचे दिसले. परंतु ऑस्ट्रेलियात साडेपाच हजार स्त्रियांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकूण गटाला असा लाभ आढळला नाही. पुढील विश्लेषणात हा लाभ मूळ साठा कमी असलेल्या स्त्रियांपुरता असल्याचे संकेत मिळाले.

भारतातही या पूरकांचा अभ्यास झाला आहे. बेळगाव येथे सुमारे साडेनऊशे गर्भवतींच्या प्रयोगात निम्म्या जणींना शेवाळापासून काढलेले ४०० मिलीग्रॅम डीएचए रोज देण्यात आले. त्याचा विषय मात्र बाळाची बौद्धिक वाढ हा होता, अ‍ॅलर्जी नव्हे. आणि वर्षाच्या बाळांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. परदेशातील आकडे येथील आहाराला, येथील स्त्रियांना जसेच्या तसे लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

कॅप्सूलचे गणित

दुकानातील कॅप्सूलवर ठळक अक्षरांत ‘१००० मिलीग्रॅम’ असे छापलेले असते. ते तेलाचे वजन असते, ओमेगा-३चे नव्हे. अशा नेहमीच्या कॅप्सूलमध्ये १८० मिलीग्रॅम ईपीए व १२० मिलीग्रॅम डीएचए, म्हणजे एकूण ३०० मिलीग्रॅम ओमेगा-३ असते. या हिशेबाने डेन्मार्कच्या प्रयोगातील मात्रा गाठण्यासाठी रोज आठ आणि पर्थच्या प्रयोगातील मात्रेसाठी बारा कॅप्सूल लागतील. त्या प्रयोगांत विशेष तीव्र केलेले तेल वापरले होते. म्हणजे एक साधी कॅप्सूल घेणाऱ्या स्त्रीने त्या प्रयोगांच्या निष्कर्षाची आशा धरणे व्यर्थ आहे. आणि स्वतःच्या मनाने बारा घेणे तर त्याहून अयोग्य आहे. मोठ्या मात्रेने मळमळ, करपट ढेकर, जुलाब असे त्रास होतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास विशेष दक्षता लागते. गर्भारपण बेचाळीस आठवड्यांपुढे लांबण्याचे प्रमाणही पूरके घेणाऱ्या स्त्रियांत किंचित वाढते. डेन्मार्कच्या प्रयोगातील मुलांचे सहाव्या वर्षीचे वजन उंचीच्या मानाने थोडे अधिक आढळले.

अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये गर्भवती व स्तनदा मातांसाठी रोज किमान ३०० मिलीग्रॅम ईपीए व डीएचए सुचविले असून, त्यांत डीएचए किमान २०० मिलीग्रॅम असावे, असे म्हटले आहे. ही शिफारस सर्वसाधारण पोषणासाठी आहे, अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी नव्हे.

कॉड लिव्हर ऑइल नव्हे

एका पिढीने लहानपणी नाक दाबून प्यालेले कॉड लिव्हर ऑइल म्हणजेच माशाचे तेल, असा अनेकांचा समज असतो. गरोदरपणात ही गल्लत महागात पडू शकते. माशाच्या मांसापासून काढलेले तेल आणि यकृतापासून काढलेले तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यकृताच्या तेलात ‘अ’ जीवनसत्त्व फार मोठ्या प्रमाणात असते. एका चहाच्या चमच्यात ते साधारणपणे साडेचार हजार एककांच्या आसपास भरते. अमेरिकेत २२ हजारांहून अधिक गर्भवतींच्या १९९५ मधील अभ्यासात, रोज दहा हजार एककांहून अधिक तयार ‘अ’ जीवनसत्त्व पूरकांतून घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणूनच ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा गर्भवतींना यकृताचे तेल टाळण्यास सांगते. घरात जुनी बाटली असेल, तर तिच्यावरील नाव वाचूनच निर्णय घ्यावा.

ताटातले मासे

मत्स्याहारी कुटुंबांत कॅप्सूलच्या आधी ताटाचा विचार व्हायला हवा. किनारपट्टीवर स्वस्तात मिळणारे बांगडा आणि तारली हे मासे ओमेगा-३ने समृद्ध आहेत. ऋतुमानानुसार त्यांतील तेल कमी-अधिक होते एवढेच. मासे ‘उष्ण’ म्हणून गरोदरपणी ते वर्ज्य करण्याची काही घरांतील प्रथा या दृष्टीने सोडून देण्याजोगी आहे. मात्र मोठ्या, शिकारी माशांच्या शरीरात पारा साठतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवतींना आठवड्याला सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खाण्यास सुचविले असून शार्क, स्वोर्डफिश, किंग मॅकरेल आदी मासे टाळण्यास सांगितले आहे. आपल्याकडील मोरी म्हणजे शार्कच. किंग मॅकरेल हा सुरमईचा अटलांटिकमधील जवळचा नातेवाईक. तेव्हा मोठ्या सुरमईपेक्षा लहान बांगडा बरा आणि तो पूर्ण शिजलेला असावा. इंग्लंडमध्ये साउदम्प्टन येथे १२३ गर्भवतींपैकी निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा सामन मासा दिला गेला. सहा महिन्यांच्या बाळांत इसबाचा फरक पडला नाही. मासे खावेत ते पोषणासाठी. अ‍ॅलर्जीचा विमा म्हणून नव्हे.

शाकाहारी स्त्रियांच्या शरीरात डीएचएचा साठा तुलनेने कमी असतो. जवस आणि अक्रोड यांत ओमेगा-३ गटातील एक स्निग्धाम्ल असते. परंतु शरीरात त्याचे डीएचएमध्ये होणारे रूपांतर अत्यल्प असते. जवसाची चटणी आहारात असावी, पण ती माशाच्या तेलाची जागा पूर्णपणे घेत नाही. शेवाळापासून तयार केलेले डीएचए हा त्यांच्यासाठी योग्य पर्याय आहे. गर्भाच्या वाढीसाठी तो डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतो.

मग करावे काय?

अ‍ॅलर्जी टाळण्याविषयीचे सल्ले यापूर्वीही उलटलेले आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये, घरात अ‍ॅलर्जी असल्यास गर्भवतीने शेंगदाणे वर्ज्य करण्याचा विचार करावा, असे सुचविले होते. २००८ मध्ये पुराव्याअभावी तो सल्ला मागे घेण्यात आला. पुढे २०१५ मध्ये लंडनमधील प्रयोगाने दाखवून दिले, की तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या तान्ह्या मुलांना शेंगदाण्याचे पदार्थ लवकर खाऊ घातले, तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कितीतरी कमी आढळते. आरंभीच्या चाचणीत संवेदनशील नसलेल्या मुलांत हे प्रमाण १३.७ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आले. अनेक देशांत आता सहाव्या महिन्याच्या सुमारास, वरचे अन्न सुरू करताना, नीट शिजवलेले अंडे व शेंगदाण्याची पातळ पेस्ट देण्याचा सल्ला दिला जातो. बाळाला तीव्र इसब असल्यास हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. माशाच्या तेलापेक्षा या उपायामागील पुरावा कितीतरी भक्कम आहे.

गरोदर स्त्रीने अ‍ॅलर्जीच्या भीतीने स्वतःचा आहार तोडू नये. स्वतःला दमा असल्यास त्याची औषधे परस्पर बंद करू नयेत. धूम्रपान आणि घरातील इतरांच्या धुरापासून दूर राहावे. मासे खात नसल्यास, विशेषतः दम्याचा कौटुंबिक इतिहास असल्यास, ओमेगा-३ घ्यावे का व किती, हे प्रसूतितज्ज्ञांना विसाव्या आठवड्याच्या सुमारास विचारावे. विचारताना तेलाचे नव्हे, तर त्यातील डीएचए व ईपीएचे प्रमाण वाचून दाखवावे. आणि एवढे करूनही बाळाच्या गालावर इसबाचा लाल चट्टा उमटला, तर आईने काही चुकवले, असे कोणी समजू नये. एखादी कॅप्सूल घेतली असती तर तो उमटलाच नसता, असे म्हणण्याइतका पुरावा आजही कोणापाशी नाही.